बिनलग्नाचा चौक

आते,

रविवारी तुझे दिवस घालायचे आहेत आणि मी अजून रमेशला तुझा फोटो दिलेला नाही.

तो सकाळीच दुकानात येऊन गेला. केस उतरवलेले, त्यामुळे तुझा मुलगा मला क्षणभर ओळखूच आला नाही. "सवेताय, आईचा फोटो काढून दे. मोठा. जपानचा तो, आई हसते तो." मी तो फोटो स्क्रीनवर उघडला, पाहिला, बंद केला आणि म्हटलं, हा मोठा केला की फुटतो रे. कासा नाक्यावर झेरॉक्स आणि फोटोचं दुकान चालवून मला बारा वर्षं झाली. कुठला फोटो फुटतो ते मला लांबूनच कळतं. हा फुटत नाही. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो हाच आहे. मातीच्या भिंतीपुढे तू उभी आहेस, मागे तू काढलेला चौक आहे, हातात ओलं फडकं आहे, आणि तू चक्क दात दाखवून हसते आहेस. ते हसू मी खोटं बोलून काढलेलं आहे. ते मी पाटावर कसं ठेवू देऊ?

रमेशला मी हरणांपुढचा फोटो दिला, ज्यात तू आधार कार्डाला उभी राहिल्यासारखी दिसतेस. त्याला तो आवडला नाही.

हे सगळं मी तुला आताच सांगते आहे, कारण रविवारी उशीर झालेला असेल. रविवारी भगत बसेल. कुणाच्या तरी अंगात तू येशील आणि तो तुला विचारील, बाय, काय राहिला तुझा? लहानपणी मी या प्रश्नाला घाबरून आईच्या मांडीत तोंड घालायचे. मग डहाणूला कॉलेजात गेले आणि हेच मैत्रिणींना नक्कल करून दाखवायला लागले. आता मी काय मानते आणि काय नाही, ते मला विचारू नकोस. मला एवढंच कळतं की भगतानं विचारलं तर तू माझ्याकडे बघशील आणि सगळ्या पाड्यासमोर पुन्हा तेच विचारशील. आणि मला तिसऱ्यांदा खोटं बोलता येणार नाही.

दुपारी तीनला जपानहून युकाचा फोन यायचा आहे. देवळातल्या आजी हो म्हणतात की नाही, ते तेव्हा कळेल. तोवर मी शटर अर्धं ओढून बसले आहे. बाहेर दोघं झेरॉक्सला थांबलेत, थांबू देत.

पहिल्या जपानवारीची तुला आठवण करून द्यायला नको. तिकडच्या शाळांमधून चित्रं शिकवणाऱ्या एका लहानशा मंडळानं तुला बोलावलं होतं, आणि तुझ्या सोबतीला मी, फोटो काढायला आणि दोन पासपोर्ट सांभाळायला. डोंगरातलं गाव. बुद्धाचं जुनं देऊळ आणि त्याच्या आवारात मातीच्या भिंतींची कोठी. तू त्या भिंतीवर तळहात फिरवलास आणि म्हणालीस, "ही आपली हाय." तीन दिवस तू ती भिंत भरलीस. शेतं, तारपा, खेकडे, मासे. तिथल्या तांदळाचं पीठ चिकट निघालं, काडीला धरून बसायचं, आणि तू त्या तांदळाला जे काही बोलत होतीस ते मी युकाला सांगितलं नाही. युका म्हणजे आपली दुभाषी, कॉलेजात हिंदी शिकलेली. "कृपया जलपान ग्रहण कीजिए" असं ती म्हणाली की तू माझ्याकडे बघायचीस, आणि मी म्हणायचे, चहा पी म्हणतेय. पुजाऱ्यांची बायको जपानीत बोलायची, युका हिंदीत, मी आपल्या बोलीत. त्या बाईंना तू पहिल्याच दिवशी आजी केलंस. खरं तर तुमच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक असेल.

शेवटच्या दिवशी आजींनी विचारलं, तुमच्या चित्रांमध्ये सगळ्यात मोठं चित्र कुठलं. तुला न विचारताच मी सांगून टाकलं. लग्नाचा चौक. मी युकाला समजावलं की आमच्यात चौकाशिवाय लग्न लागत नाही, आत पालघट देवी असते, फक्त सवाशिणी तो काढतात, आणि आमच्या आत्यासारखा चौक तलासरीपासून इकडे कुणाला जमत नाही. आजींनी हात जोडले. कोठीतली एक भिंत कोरी होती.

"लगीन कुणाचा हाय?" तू मला विचारलंस.

"कुणाचं नाही गं. दाखवायला."

"दाखवाय चौक नाय काढत."

"पाड्यातलं कोण येतंय इथं बघायला?"

"देव येल ना."

मला राग आला. खरं कारण ऐक आता. भिंतीवर खिडकीतून तिरपा उजेड पडला होता, आणि त्या उजेडात तू चौक काढत असतानाचा फोटो माझ्या डोळ्यांपुढे आधीच तयार होता. तो मला हवा होता. शिवाय पुढच्या वेळी पुन्हा बोलावतील, हेही डोक्यात होतंच. मी म्हटलं, "त्यांनी तिकीट काढलं, दहा दिवस जेवू घातलं, एवढं मागितलं तर तुझं काय जातंय?"

 तू काडी घेतलीस आणि चौक काढलास. गाणं नाही, हळद नाही. मी शंभरेक फोटो काढले आणि सगळे छान आले.

वर्षाच्या आत तुझे मालक, आमचे मामा, गेले. साखर होती त्यांना, मूत्रपिंडं गेली होती, आणि डॉक्टरांनी ताडी सोड म्हटलं की दुसरा डॉक्टर शोधायचे. हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल? मामा साखरेनं गेले, चौकानं नाही. दर वेळी तू तांदूळ निवडत खाली मान घालून ऐकायचीस, आणि एकदाच वर बघून म्हणालीस, "तू म्हणालीस ना, काय जाते. बघ, काय गेला."

त्यानंतर मी तुझ्याशी तो वाद कधी जिंकले नाही. आणि हरलेही नाही, आपण तो नुसता बाजूला ठेवला. तुझ्या बांगड्या गेल्या तसा तुझा चौकही गेला. पाड्यात लग्न निघालं की पहिलं बोलावणं तुला असायचं, मुहूर्त नंतर. आता चुलतबहिणीची सून चौक काढायला लागली. तू मागच्या पडवीत बसायचीस. एकदा मी डोकावले तर तू शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटानं काहीतरी काढत होतीस आणि लगेच तळव्यानं पुसत होतीस. कापडावर, कागदावर विकायला तू सगळं काढायचीस, नाचणारी माणसं, वाघ, ताडाची झाडं. पण चौकाचं नाव काढलं की उठून जायचीस.

मग तीन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं. तू नाही म्हणणार हे मी गृहीत धरलं होतं. तू लगेच हो म्हणालीस, आणि मी एवढी खूश झाले की मला संशय आला नाही. कुणी विचारलं तर तू सांगायचीस, "देवला बघायची, फोटू काढायचं. बस." रमेशही हसला, आई आता टुरिस्ट झाली म्हणून.

तिकडच्या विमानतळावर त्यांनी तुझी बॅग उघडायला लावली. वरोरच्या सुकटीचा वास आधीच सगळ्या कपड्यांना लागला होता, त्यामुळे माझं नाक दुसरं काही सांगत नव्हतं. हातमोजे घातलेल्या माणसानं सुकटीची पिशवी बाजूला ठेवली आणि तुझ्या लुगड्याच्या घडीतून एक पुडी काढली. उघडली. आत गेरू, वाळलेलं शेण आणि माती. तो एकदम गंभीर झाला, दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. माती त्यांच्या देशात आणता येत नाही, हे भिंतीवर चित्र काढून लिहिलेलं होतं. ते चित्र मी बघितलंही होतं, पण माझ्या आत्याच्या बॅगेत माती असेल असं मला कसं वाटावं?  परत पाठवतात की काय, असंच वाटत होतं. "आते, हे काय आणलंस? कशाला?"

"भिंत सारवाय," तू म्हणालीस. जणू काही आपण सासरी चाललो होतो.

तेव्हा मला कळलं. देवळं बघायची नव्हती, फोटो काढायचे नव्हते. तुला चौकाची ती एकच भिंत सारवून बुजवायची होती.  कसल्याशा कागदावर त्यांनी तुझी सही घेतली, पुडी पिशवीत बंद करून नेली. त्या माणसानं वाकून तुला नमस्कार केला, तूही केलास. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "नेऊ दे. भिंत काय पलत नाय."

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते तुला मी कधी सांगितलं नाही. शाळेतलं काम दोन दिवसांत झालं आणि मंडळानं आपल्याला मोकळं सोडलं, फिरा म्हणून. युका उत्साहानं एकेक देऊळ दाखवत होती. मी फोटो काढत होते. तू लुगड्यावर स्वेटर, पायात मोजे, अशी दर देवळाच्या पायरीवर बूट काढत होतीस आणि घालत होतीस, शेवटी वैतागून म्हणालीस की ह्यांचा देव पायच बघत बसतो काय. एका छपराखाली तू मान वर करून खूप वेळ उभी राहिलीस आणि मला सांगितलंस, "हा गवत नाय. झाडाची साल हाय. एकावर एक." युकानं माहितीचा कागद वाचला, तर खरंच साल होती. दाराशी उभ्या असलेल्या, डोळे वटारलेल्या मोठ्या लाकडी मूर्ती बघून तू म्हणालीस, ह्यांच्या अंगात आलाय. हरणानं तुझ्या हातातला नकाशा खाल्ला तेव्हा तू त्याला आपल्या शेळीला देतेस तशी चापट दिलीस आणि आजूबाजूची माणसं दचकली. मला हसायला येत होतं, पण युकाच्या यादीतल्या शेवटच्या देवळात तू काय करणार ते आपल्या दोघींनाच माहीत होतं.

"पुसू नकोस," मी तुला रोज सांगत होते. "त्यांनी मानानं ठेवलंय. त्यांना काय सांगू मी?"

"तुला काय सांगायचा? मी काढला, मी पुसते."

"आता ती भिंत त्यांची आहे."

"देवी आपली हाय."

ते फोटो मी तुझ्या मागे या आठवड्यात पुन्हा पाहिले. एकाही फोटोत तू देवाकडे बघत नाहीस. दर देवळात तू भिंतीकडे बघते आहेस.

शेवटच्या दिवशी आजी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी तुझे दोन्ही हात हातात घेतले. मामा गेल्याचं युकानं त्यांना आधीच कळवलं होतं. दाराजवळच्या पाण्याच्या कुंडाशी तू हात धुवायला थांबलीस आणि मला वाटलं, बरं झालं, रीत शिकली. कोठीत शिरलो. चौकापुढे त्यांनी काचेची सरकती दारं बसवली होती, वर बारीकसा दिवा. आजींनी तुझ्यासाठी स्वतः काच सरकवली. तू पुढे झालीस आणि स्वेटरच्या आतून फडकं काढलंस. ओलं. कुंडातच भिजवून घेतलं होतंस. गेरू नेला तरी पाणी त्यांना नेता आलं नव्हतं.

आजी बोलत होत्या. युका मला सांगत होती, "विद्यालय के बच्चे हर वर्ष इसे देखने आते हैं।" तुझा हात वर गेला होता. मी तुझ्याकडे वळले आणि म्हटलं, "आते थांब. ती म्हणते, गेल्या वर्षी तिच्या नातीचं लग्न इथंच लागलं. ह्या चौकासमोर."

तुझा हात थांबला.

"लगीन लागला?"

"लागलं."

"नाव काय पोरीचा?"

"हाना," मी म्हटलं. विमानातल्या मासिकात वाचलेलं नाव होतं.

"हलद लावली?"

"लावली. आजींनी."

तू आजींकडे बघितलंस. आजींना काही कळलं नव्हतं, त्या वाकल्या. तूही वाकलीस, मग गुडघ्यांवर बसून चौकाच्या पायाशी डोकं टेकलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, युका घड्याळ बघायला लागली होती एवढं आठवतं. उठलीस आणि म्हणालीस, "मंग राहू दे." आणि हसलीस. आणि मी, मेलीनं, कॅमेरा उचलला.

तुझ्या भल्यासाठी मी खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुला तरी आज खरं सांगते. त्या क्षणी मला तुझी कणव आली नव्हती. मला लाज वाटली होती. आजी, युका, ती काच, तो दिवा, आणि मधोमध माझी आत्या फडकं घेऊन. पुन्हा बोलावणार नाहीत, हेही वाटलं होतंच.

पण मग जे झालं ते तूही पाहिलंस. तू परत आलीस आणि जेवायला लागलीस. पडवीतून उठून मांडवात येऊन बसायला लागलीस. मामांचं नाव निघालं की आधी तुझं तोंड मिटायचं, आता तूच त्यांचे ताडीचे किस्से सांगायचीस. एकदा सहज म्हणालीस, "त्यो चौक वाया नाय गेला. मंग ह्यो माणूस त्यानं नाय गेला." मी म्हटलं, मी हेच सांगत होते ना? तू म्हणालीस, तू सांगत होतीस पर लगीन कुठं लागला होता तवा? त्या दिवशी घरी जाताना मी जीपमध्ये रडले. सुखानं रडले की भीतीनं, ते तेव्हा कळलं नाही. त्या चार वर्षांसाठी मी तुझी ऋणी आहे, आते. तू मला पुन्हा सवे म्हणून हाक मारायला लागलीस. मामा गेल्यापासून तू मला पूर्ण नावानं बोलवत होतीस.

एका खोट्यावर मात्र भागलं नाही. दर महिन्याला बाजाराला आलीस की दुकानात बसून पहिलं विचारायचीस, हाना कशी हाय? मी म्हणायचे, बरी आहे. नवरा काय करतो? रेल्वेत आहे. दिवस गेले का? तू विचारत गेलीस आणि मी देत गेले. शेवटी हानाला मुलगी झाली. तू आनंदानं दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलंस, आणि पुढच्या बाजाराला बाळाची गोधडी घेऊन आलीस, मामांच्या धोतराची, काठावर पांढऱ्या दोऱ्यानं मोर. मी कुरियर केली म्हणून सांगितलं. ती इथं कपाटात आहे. फोटोपेपरच्या खोक्यांमागे. ते कपाट मी तेव्हापासून तोंड फिरवून उघडते.

तुला कावीळ झाली आणि ती उतरली नाही. कासाच्या दवाखान्यात तू होतीस तेव्हा मी दुकान उघडं टाकून पेज घेऊन यायचे. तिसऱ्या दुपारी रमेश औषधं आणायला गेला होता. तू डोळे उघडलेस, पिवळे झालेले, आणि एकदम नीट आवाजात म्हणालीस, "खरा सांग, सवे. लगीन लागला का?"

तुला कुणी काही सांगितलं होतं का? की मी कुठे चुकले होते, कुठल्या महिन्यात हानाचा नवरा रेल्वेतून शाळेत गेला होता? मला बोलायला एक क्षण मिळाला होता. खोलीत कुणी नव्हतं.

"लागला," मी म्हटलं.

तू माझ्याकडे खूप वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "बरा." आणि भिंतीकडे कूस वळवलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस. तुला पटलं होतं की नाही, हे मला आयुष्यभर कळणार नाही. मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले, आणि तेही माझ्याच आत्याशी, जिनं मला पाटीवर पहिला गोल काढायला शिकवला.

तिसऱ्या दिवशी मी युकाला लिहिलं. आत्या गेली. आमच्या रितीप्रमाणे तो चौक आता पुसायला हवा, रविवारच्या आत. एवढंच लिहिलं. लग्नाचं काही लिहायचा धीर झाला नाही. तिचं उत्तर आलं की आजींना विचार करावा लागेल. गावाला त्या चित्राचा अभिमान आहे, पुजारीबाबा आता नाहीत, मंडळातल्या लोकांना विचारावं लागेल. काल मी जीपनं उधव्याला गेले आणि पुढे चालत पाड्यावर, गाणी म्हणून लग्नं लावणाऱ्या त्या म्हाताऱ्या धवलेरीकडे. तुमच्या दोघींच्या गाण्यावर मी लहानपणी झोपायचे. तिला आता दिसत नाही. मी तिला सगळं सांगितलं, तू गेल्यावर पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं. ती नाचणी पाखडत ऐकत होती. मी विचारलं, चौक कुणी पुसायचा?

"काढाय कुणी लावला?"

"मी."

"मंग तू पुस."

"मी इथं आहे, भिंत तिथं. कसा पुसू?"

"तोंडानं सांग. काढाय लावला तवा तोंड होता ना तुला?"

तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पावणेतीन झालेत. बाहेरचे दोघं कंटाळून गेले.

आते, इथवर लिहिलं आणि फोन आला. आता पावणेचार. राहिलेलं लिहिते.

स्क्रीनवर आधी युका आली, मग आजी. आजी एवढ्या लहान झाल्यात की ओळखू येईनात. कोठीतच बसल्या होत्या. मागे तुझा चौक होता, काच सरकवलेली. पिठाचा रंग थोडा पिवळट झालाय. पालघट मात्र तशीच. आजी बराच वेळ बोलल्या आणि युकाला शब्द जुळवायला वेळ लागला. मंडळातले लोक नको म्हणत होते. आजींनी त्यांना सांगितलं की हे चित्र ज्यांचं आहे त्यांच्याच घरातून निरोप आलाय, तेव्हा आता बोलायचं काही नाही. त्या पुसतील. आजच. मी हात जोडले. मला वाटलं, संपलं, सुटले.

मग आजींनी एक विचारलं आणि युकानं ते मला सांगायला नको होतं असं वाटतं. "दादीजी पूछ रही हैं, उस दिन आपकी बुआजी के हाथ में गीला कपड़ा था। दादीजी ने देखा था। उन्होंने सोचा था, जो करना है उन्हें करने दें। फिर आपने कुछ कहा और वे रुक गईं। आपने क्या कहा था?"

म्हणजे आजींनी तुला अडवलं नसतं. तुझ्या आणि त्या भिंतीच्या मध्ये फक्त मी उभी होते.

 आजी थांबून राहिल्या. दुकानातला पंखा बंद होता, तरी मला काही ऐकू येत नव्हतं. शेवटी आजींनीच विषय बदलला, फडकं उचललं, आणि युकानं विचारलं, पुसण्याआधी एक आखिरी फोटो ले लूँ? आपके लिए?

"नको," मी म्हटलं. मग तिला मराठी कळत नाही हे लक्षात येऊन, "नहीं। फोटो मत लीजिए।"

आजींनी मान हलवली. त्या भिंतीजवळ गेल्या आणि पुन्हा वळल्या. आमच्यात अशा वेळी काहीतरी म्हणतात, युका सांगत होती, आपके यहाँ भी कोई मंत्र होगा. आप बोलिए, फिर दादीजी शुरू करेंगी.

मंत्र मला येत नाही. धवलेरीनं शिकवला नाही आणि मीही विचारला नव्हता. आजी फडकं छातीशी धरून उभ्या होत्या, त्यातून पाणी ठिबकत होतं. मी फोन दोन्ही हातांत धरला आणि आपल्या बोलीत, त्या दोघींना एक अक्षर कळणार नाही अशा बोलीत, मोठ्यानं म्हटलं, "आते, लगीन लागला नव्हता. हाना नाय, पोरगी नाय, कोनी नाय. मी खोटा बोलली. दोनदा बोलली. तुझा काय जाते म्हनून मीच काढाय लावला. आता मी पुसते."

युकानं डोळे मिटून मान खाली घातली. आजी कमरेतून वाकल्या आणि माझे शब्द संपेपर्यंत तशाच वाकून राहिल्या. मग त्यांनी फडकं भिंतीला लावलं.